आधी जेवणाऱ्या सिस्टर

आमच्या दवाखान्यात शुगरच्या पेशंटना इन्सुलिनची सुई स्वतःच्या हातानं घ्यायला शिकवणाऱ्या एक सिस्टर होत्या. दुपारचा एक वाजला की त्या सगळ्यांच्या देखत जेवायला बसायच्या. आतल्या खोलीत नाही, पडद्याआड नाही. व्हरांड्यातल्या बाकांवर पेशंट बसलेले असायचे आणि त्यांच्यासमोर टेबल ओढून या बाई डबा उघडायच्या. ज्वारीची भाकरी, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. कांदा टेबलावर ठेवून बुक्कीनं फोडायच्या. तो आवाज झाला की नव्या माणसालाही कळायचं, आता अर्धा तास इथं काही हलणार नाही.

लोक गंगापूरहून, बिडकीनहून सकाळच्या एसटीनं आलेले असायचे. कुणीतरी चुळबुळत म्हणायचं, "सिस्टर, आमची गाडी हाय तीनची."

"माझी बी गाडी हाय," सिस्टर घास न थांबवता म्हणायच्या. "ती एक वाजताच सुटती. तुम्ही डबा आणलाय का? मग उघडा की. नसंल आणला तर ही घ्या अर्धी."

आणि खरोखरच अर्धी भाकरी मोडून त्या माणसाच्या हातावर ठेवायच्या. नाही म्हणायची सोय नव्हती. शुगरच्या पेशंटनं आपल्यासमोर उपाशी बसून राहणं, हा सिस्टरांच्या लेखी त्यांचाच अपमान होता.

पेशंट म्हणून पहिल्या दिवशी त्या बाकावर बसून मी ते पाहिलं आणि मला मनापासून राग आला. आमच्या आईनं आम्हा बहिणींना लहानपणापासून एक गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे बाईमाणूस खाताना दिसू नये. रांधताना दिसावी, वाढताना दिसावी, भांडी घासताना दिसावी, मधलं काय ते उरकून घ्यावं. आणि इथं ही नोकरीवरची बाई मांडी ठोकून बसावी तशी बसून भाकरी चुरत होती. माझ्या शेजारची बाई कानाशी पुटपुटली, "आधी पोटोबा, मग विठोबा!" आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. सिस्टरांनी ते ऐकलं.

"व्हय, आधी पोटोबा," त्या म्हणाल्या. "विठोबाला शुगर नाय."

मग आम्ही हसलो नाही.

त्या उंच होत्या, हाडापेरानं मजबूत. दवाखान्यातल्या बाकीच्या नर्सा कधीच पँट-शर्टवर आल्या होत्या, पण यांची पांढरी साडी सुटली नव्हती. बोलणं सोयगावकडचं, त्यात शहरात मिसळलेलं दखनी. आवाज असा की औषधाच्या खिडकीवरचा माणूस दचकायचा. डॉक्टर तरुण होते, हुशार होते, आणि त्यांना सिस्टरांची खरी किंमत होती. म्हणून तर ते आपला राउंड सिस्टरांच्या जेवणाच्या वेळेला आड येऊ देत नसत.

या आधी जेवण्याचं कारण त्यांना बऱ्याच जणांनी विचारलं असणार, कारण प्रत्येकाला मिळालेलं उत्तर वेगळं होतं. मला म्हणाल्या होत्या, "नर्सिंगच्या हॉस्टेलात उशिरा गेलं की भाजीचा नुसता रस्सा उरायचा. तवाच ठरवलं." डॉक्टरांना त्यांनी ॲसिडिटी सांगितली होती. आणि एकदा वॉर्डातल्या मावशींशी बोलताना मी ऐकलं ते असं, "माझा बाप म्हणायचा, आपल्या लोकांच्या ताटात लई पिढ्या उरलेलंच पडलं. आता तुला कुणी बस म्हणायची वाट बघू नको. जागा दिसली की बस." कोणतं खरं कोण जाणे. मला आपलं वाटतं, तिन्ही खरी असतील.

लग्नकार्यात तर त्यांची चेष्टाच व्हायची. पहिल्या पंगतीला पहिल्या पाटावर सिस्टर. वधूपित्याला अजून पाणी सुचलेलं नसायचं आणि यांची जिलबीची वाटी पुढं झालेली असायची. पण त्या पंगतीत त्यांचे जुने पेशंट असले तर त्यांना शोधून, हाताला धरून त्या आपल्याबरोबर बसवायच्या, हे चेष्टा करणारे सांगत नसत.

त्यांची शिकवायची रीतही त्यांच्यासारखीच. नवा पेशंट समोर बसला की पुस्तक नाही, चित्र नाही. नवी कोरी सिरिंज फोडायच्या, साडीचा निऱ्यांजवळचा भाग जरा खाली सरकवायच्या, पोटाची चिमूट धरायच्या आणि रिकामीच सुई स्वतःला टोचायच्या. "बघ. गेली. मेले का मी?" मग ती सुई काढून कडक प्लास्टिकच्या बाटलीत टाकायच्या आणि दुसरी नवी पेशंटच्या हातात द्यायच्या. बिडकीनचा एक मिशाळ गडी होता, बैलगाडा शर्यतीत बैल धरणारा. सिस्टरांनी स्वतःला टोचलेलं बघूनच तो घामाघूम होऊन खाली बसला. "उठ रे वाघा," सिस्टर म्हणाल्या. "बैलाच्या शिंगाला भीत नाहीस, अन् ह्या केसाएवढ्या सुईला भितोस व्हय?" त्याला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, आणि त्याच्याच हातानं त्याला टोचायला लावलं. टोचल्यावर तो इतका खूश झाला की परत टोचू का म्हणाला.

एक चाचा यायचे किराडपुऱ्यातून. अत्तराचा वास, डोक्यावर जाळीची टोपी. ते सुई रोज घेत होते, गोळ्या घेत होते, गोड सोडलं होतं, तरी साखर खाली येत नव्हती. डोस वाढवून झाला होता. सिस्टरांनी त्यांचा सदरा वर करायला लावला आणि पोटावर बोटं फिरवली. बेंबीच्या उजव्या अंगाला चांगली लिंबाएवढी गाठ.

"चाचा, रोज यहींच लगाते क्या?"

"हौ सिस्टर. यहाँ दुखता नै ना, वास्ते."

"दुखता नै करके दवा भी लगती नै. वो जगा थक गई चाचा. उसको आराम देव. आज इधर, कल उधर, परसों जांघ पे." आणि मग मराठीत आमच्याकडं वळून म्हणाल्या, "ऐका गं बायांनो. जिथं दुखायचं थांबलं, तिथं औषध बी चढायचं थांबलं. जागा बदलत राहायचं."

चाचांना त्यांनी दुखणाऱ्या जागी टोचायला लावलं. चाचा "या अल्ला" म्हणाले आणि हसले. पुढं त्यांचा डोस कमीही करावा लागला, असं त्यांनीच मला रांगेत सांगितलं.

नातेवाइकांना मात्र सिस्टर खोलीत थांबू देत नसत. आपल्याकडं पेशंट कधी एकटा येतो? बरोबर मुलगा असतो, सून असते, मोबाइल धरलेला नातू असतो. मुलगा म्हणायचा, "सिस्टर, मला शिकवा. आई घाबरते, मी देत जाईन."

"पोट कुणाचं हाय?"

"आईचं."

"मग हात बी आईचाच. तू वाळूजला कंपनीत ड्युटीला जातोस का नाय? जातोस. एखाद्या दिवशी ओव्हरटाइम लागला तर आई काय तुझी वाट बघत उपाशी बसंल? जा, बाहेर चहा पी."

यात त्या चुकायच्याही. एका म्हाताऱ्याबरोबर त्याची सून आली होती. ती काहीतरी सांगू पाहत होती, पण सिस्टरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. ती बाहेर येऊन माझ्या शेजारी रडत बसली. म्हाताऱ्याचे हात कापत होते, कंपवात होता. चमचा तोंडापर्यंत न्यायची मारामार, तो सुई काय धरणार? थोड्या वेळानं दार उघडलं. सिस्टर बाहेर आल्या, उभ्या राहून त्या पोरीकडं बघत राहिल्या. चुकलं असं त्या म्हणाल्या नाहीत. तो शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. वेळ जेवणाची नव्हती, तरी त्यांनी डबा उघडला, अर्धी भाकरी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आधी खा. मग आत ये. तुला शिकवते." त्या दिवशी त्या बाकीच्यांवर नेहमीपेक्षा जास्त ओरडल्या.

मी शिवणकाम करते. सिडकोतल्या आमच्या रो-हाउसच्या पुढच्या खोलीत मशीन आहे. ब्लाउज, फॉल-पिको, परकर. त्यामुळे माझा नंबर आला तेव्हा सिस्टरांना ऐतंच सापडलं. "दिवसभर सुई हातात, अन् इथं डोळे मिटायलीस?" मी घेतली सुई. दुखलं नाही फारसं. बाटली हातावर हलकी फिरवायची, दुधासारखी एकसारखी झाली की ओढायची, हवा काढायची, चिमूट धरायची, हे सगळं मला लवकर जमलं. मला वाटलं, झालं. मी उठायला लागले.

"बस," सिस्टर म्हणाल्या. "जेवतीस कवा?"

"नऊला."

"नऊला घर जेवतं. तू कवा?"

बावीस-तेवीस वर्षं संसार केला आणि मी नेमकी किती वाजता जेवते हे मला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "सगळ्यांचं झालं की."

"हे असलं काही घड्याळात नसतं." त्यांनी माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली आणि टेबलावर आडवी ठेवली. "ही घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न पायजे. नाय गेलं तर साखर खाली जाती. घाम येतो, हात कापतात, डोकं फिरतं, माणूस काहीबाही बोलतं अन् आडवं होतं. वाढलेली साखर माणसाला हळूहळू खाती, पडलेली साखर वेळ देत नाय. म्हणून सुई घड्याळाला बांधायची नाय, ताटाला बांधायची. आधी ताट दिसलं पायजे, मग सुई."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

आपल्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आठवड्यातून एकदा येतं, तेही त्याच्या मर्जीनं. एका संध्याकाळी मी सुई घेतली, ताट घ्यायला वळले आणि गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं!" मी पळाले. मोटर लावली, टाकी लावली, हंडे, बादल्या, पिंप, कूलरची टाकीसुद्धा. सासूबाई वरून सांगत होत्या, अजून तो घागरीचा जोड राहिला. मला आठवतं ते एवढंच की पाण्याचा आवाज एकदम लांब गेला आणि आपल्याला फार घाम आलाय असं वाटलं. शुद्धीवर आले तेव्हा मी अंगणात ओल्यात पडलेली होते, तोंडात साखर होती आणि शेजारच्या काकू माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होत्या. नळ चालूच होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांना सांगितलं. वाटलं ओरडतील. त्यांनी हातातली सिरिंज खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पाणी आठ दिवसांनी परत येतं. तू आली असतीस का?"

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. सुईची नाही. आपण एखाद्या संध्याकाळी घागरी भरता भरता मरून जाऊ, आणि पाणी मात्र भरून झालेलं असेल, याची.

पुढच्याच रविवारी सिस्टर स्कूटीवर आमच्या दारात हजर. असं त्या करायच्या, सुट्टीच्या दिवशी पेशंटच्या घरी जाऊन बसायच्या. "दवाखान्यात समद्या शहाण्याच असतात," त्यांचं म्हणणं, "मला चूल बघायची." स्टूल ओढून स्वयंपाकघरात बसल्या. चहा नको म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या. मी त्यांच्यादेखत सुई घेतली आणि शहाण्यासारखं स्वतःचं ताट ओट्यावर काढूनही ठेवलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आमच्या यांनी हाक मारली, भूक लागलीय. यांना वाढलं. मुलाला गरम भाकरी लागते, त्याची टाकली. सासूबाईंना दात नाहीत, त्यांना दुधात कुस्करून दिली. यांनी भाजी परत मागितली. मुलानं लोणचं मागितलं, आणि मी त्याच्यावर अशी खेकसले की तो घाबरून माझ्याकडं बघत राहिला. लोणच्यावरून कुणी एवढं ओरडतं का?

सिस्टर उठल्या. त्यांनी डब्यातून गुळाचा खडा काढला आणि माझ्या तोंडात कोंबला. मला खुर्चीवर बसवलं, माझा पालथा हात आपल्या हातात घेतला आणि बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "या इकडं. हात लावून बघा हिला." हे आले. त्यांनी माझा हात धरला. घामानं भिजलेला होता.

"तुमची भाकरी गरम राहावी म्हणून ही बाई गार पडायली," सिस्टर म्हणाल्या.

आमचे हे वाईट माणूस नाहीत. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच त्यांची दया आली. त्या दिवसापासून रोज आठ वाजता ते टीव्हीसमोरून ओरडायला लागले, "तुझं ताट घेतलंस का?" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. मुलगा स्वतःची भाकरी स्वतः टाकायला शिकला; वाकड्या व्हायच्या, पण खायचा. मी आधी जेवायला लागले. पहिले काही दिवस भिंतीकडं तोंड करून जेवायचे.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गंगापूरकडच्या मोठ्या शेतकरी घरातल्या, चार जावांत थोरल्या. त्यांच्या काळात घरची बाई गडीमाणसांचंही जेवण झाल्यावर चुलीजवळ बसायची. मी ताट घेतलं की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. मग मुलाचं झालं, यांचं झालं की मागं उरलेलं घेऊन ओट्याच्या कोपऱ्यात बसायच्या. त्यांच्यासाठी आधी वाढलेलं ताटही त्या झाकून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं व्हवू द्या." मी ज्या जागेवरून उठले, तिथं त्या जाऊन बसल्या होत्या.

पुढच्या खेपेला सिस्टरांनी माझा कागद बघितला, साखर चांगली आली होती. मला वाटलं शाबासकी देतील.

"तू आधी जेवायलीस. मग आता शेवटी कोण जेवतं?"

मी म्हणाले, "सासूबाई."

"हं," म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तो "हं" मी घरापर्यंत घेऊन आले.

आता त्या रिटायर होऊन सोयगावला भावाच्या घरी राहतात. फोन केला की पहिला प्रश्न, "जेवलीस का?" कशी आहेस वगैरे त्यातच आलं असं त्यांचं धोरण. त्या जागी एक नवीन मुलगी आहे, गोड बोलते, इन्सुलिनचं पेन वापरायला छान शिकवते, जेवायला मात्र पडद्याआड जाते. सिस्टरांची आठवण निघाली की मला आठवतात त्या दवाखान्यातल्या नाही, आमच्या घरच्या महालक्ष्म्यांच्या दिवशीच्या.

आमच्याकडं महालक्ष्म्या थाटात बसतात. नणंद येते, गंगापूरचे पाहुणे येतात, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. दिवेलागणीला नैवेद्य. त्याच्या आधी घरातलं कुणी अन्नाला शिवत नाही, आणि नैवेद्यानंतरही पंगतींचा क्रम ठरलेला. आधी पाहुणे आणि सवाष्णी, मग घरचे पुरुष आणि पोरं, आणि घरच्या बायका सगळ्यांत शेवटी. रोजचं एक, पण देवीच्या दिवशी कसं करायचं? त्या वर्षी मी आठ दिवस आधी सिस्टरांना विचारायला गेले. मला वाटलं होतं, त्या देवाधर्मावरून मला झाडतील. त्यांच्या घरी देव नव्हते, आजोबांच्या वेळीच त्यांच्या घरानं धर्म बदललेला.

"देवीच्या आधी नको जेवू," त्या म्हणाल्या. "तुझ्या देवीशी माझं भांडण नाय." मग डॉक्टरांकडं जाऊन त्या दिवसापुरता सकाळचा डोस कमी करून आणला. सकाळी भगर चालते का? चालते. मग तेवढी खायचीच. मधे पुन्हा दूध. "अन् संध्याकाळी नैवेद्य झाला की सुई, सुई झाली की ताट."

"पण पहिल्या पंगतीला मी कशी बसू? पाहुणे, नणंद, सासूबाई..."

"ते तू बघ. मी सुई शिकवते. बसायचं तुझं तू शिक."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ती बहीण माझ्याकडं जन्मापासून राहायला आहे. तरी धीर करून मी त्यांना जेवायचं आमंत्रण दिलं. "पूजेला मी येत नसते," त्या म्हणाल्या. "जेवायला येते." घरी सांगितलं तर सासूबाईंनी विचारलं, "कुणाच्या गं त्या?" मी म्हणाले, "दवाखान्याच्या."

सिस्टर आल्या त्या आरती संपता संपता. मोरपंखी साडी नेसलेल्या. रंगीत कपड्यांत मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. बाहेरच्या खोलीत पट्ट्या अंथरल्या होत्या. कुणी बसा म्हणायच्या आत त्या जाऊन पहिल्या पंगतीला बसल्या. नणंद वाढायला लागली. मी स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारातून बाटली काढली आणि तळहातांत फिरवत उभी राहिले.

दारातून मला सिस्टर दिसत होत्या. मला पक्की खात्री होती की त्या आता विचारतील, हिचं ताट कुठाय? त्या रविवारसारखं सगळ्यांना हाक मारतील, आणि मग मला काही करावं लागणार नाही. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या बाईला पुरणात जायफळ किती घालता म्हणून विचारत होत्या. मला त्यांचा असा संताप आला! एवढं बोलायचं, आणि वेळ आली की जायफळ?

खरं तर पळवाट होती. सुई ताटाला बांधलेली. ताट शेवटी तर सुईही शेवटी. बाटली परत फ्रिजमध्ये ठेवायची, पंगती वाढायच्या, मग सावकाश घ्यायची. कुणी चूक म्हणालं नसतं. पण सकाळची भगर केव्हाच जिरली होती, आणि मला माझं पुढचं सगळं दिसत होतं. यंदा महालक्ष्म्या, मग दिवाळी, मग मुलाचं लग्न, मग सुनेचं बाळंतपण. प्रत्येक वेळी आजच्यापुरतं म्हणायचं आणि एक दिवस अंगणात पडायचं.

मी औषध ओढलं. पदर बाजूला केला, चिमूट धरली आणि टोचली. आत गेलेलं औषध परत काढता येत नाही. आता मला जेवायलाच हवं होतं, आणि हे मी मुद्दाम केलं होतं.

ताट घेऊन मी बाहेर आले आणि सिस्टरांच्या शेजारी बसले. नणंदेच्या हातात आमटीचं पातेलं होतं, ती म्हणाली, "वहिनी, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. वाढ."

सिस्टर भात कालवत होत्या. त्यांनी नुसतं माझ्याकडं वळून बघितलं आणि परत भाताकडं बघितलं. आमचे हे भिंतीशी उभे होते. त्यांनी घाईनं आईकडं बघितलं, कारण सासूबाई तुपाची वाटी घेऊन पंगतीत फिरत होत्या. एकेका पोळीवर तूप घालत त्या माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांनी माझ्या पोळीवर तूप घातलं. नंतरही हलल्या नाहीत. मग हातातली वाटी यांच्या पुढं केली, "धर रे," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर भार देऊन हळूहळू खाली टेकायला लागल्या. सिस्टरांनी सरकून जागा केली. मीही सरकले.

"आई, काय होतंय?" हे घाबरून म्हणाले.

नणंद पातेलं ठेवून धावत आली. "आई, तुला बी शुगर निघाली काय?"

"नाय गं. मला कसला रोग नाय." सासूबाईंनी मांडीवरचा पदर नीट केला. त्यांच्यापुढं अजून ताट नव्हतं, त्या रिकाम्या जागेकडंच बघत होत्या. "पण भूक मला बी लागायची."